मागच्या डाव्या स्पीकरातले मामा

आत्याबाईंनी मागितलं ते इतकंच, की मुलीच्या लग्नाचा समारंभ त्यांना ऐकायला मिळावा. पाहायला नाही, ऐकायला. त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली, आणि नेमका लग्नाच्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरून त्या प्लास्टरमध्ये पडल्या. त्या माझ्या यजमानांच्या आत्या. मी नोकरी करत होते तेव्हा आमची मुलगी त्यांच्याच मांडीवर वाढली. चालायला त्यांचं बोट धरून शिकली आणि उलट बोलायलाही त्यांच्याकडूनच शिकली. तिच्या लग्नाला गावभरची माणसं जेवून गेली आणि त्या तेवढ्या पलंगावर.

प्लास्टर निघालं तसा त्यांचा फोन आला. "अगं, पोरगी परदेशी निघून गेली, आता काय ती लवकर येत नाही. ते शूटिंग मला एकदा ऐकव. कोण कुठे होतं, कोण काय बोललं, पोरगी कशी होती, एवढं कळलं की लग्न माझ्या पदरात पडलं."

ही मागणी मी आमच्या ह्यांच्या कानावर घातली, तिथे चुकले.

हे पाणीपुरवठा खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले. अर्ध्या शहराला कुठल्या वेळी किती दाबाने पाणी सोडायचं हे ते ठरवत असत, आणि तो दाब त्यांच्या बोलण्यात अजून आहे. घरातला नळ गळायला लागला की मात्र प्लंबर बोलवावा लागतो, कारण घरचा नळ त्यांच्या विभागात येत नाही.

"आत्याला दिसत नाही," हे म्हणाले, जणू मला ते आजच कळत होतं. "तिला साधा आवाज देऊन कसं चालेल? तिला चारी बाजूंनी ऐकू आलं पाहिजे. सराउंड साउंड. आपण डिस्क करायची."

खरं सांगायचं तर मला ही कल्पना वाईट वाटली नाही. नजर नसलेल्या माणसाला कोण कुठे बसलंय हे आवाजाच्या दिशेवरूनच कळणार. ह्यांच्या बऱ्याच कल्पना अशाच असतात. पहिला अर्धा तास त्यांना नावं ठेवायला जागा नसते.

इथे माझ्या व्रतांबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं खापर हे त्यांच्यावरच फोडतात. पहाटे दिवा लावल्यापासून पोथीचा एक अध्याय पुरा होईपर्यंत मी मौन पाळते. दुसरं, कधी आवाज चढवायचा नाही. तिसरं जरा अवघड आहे. दिवसाला एका माणसाबद्दल मनातसुद्धा वाईट आणायचं नाही. एकाच. सगळ्यांबद्दल चांगलंच चिंतणारे संत असतात, पण ते नातेवाईक सोडून आलेले असतात. मला संसार आहे. रोज सकाळी दिव्यापुढे बसून मी त्या दिवसाचा माणूस ठरवते. डिस्कचं प्रकरण चाललं होतं तेव्हा मी बहुतेक रोज ह्यांनाच धरलं आणि बहुतेक रोज दुपारच्या आत व्रत मोडलं. आज हे लिहायला बसताना मी आमच्या दूधवाल्याला निवडलं आहे, म्हणजे बाकी सगळ्यांना मोकळं सोडता येईल. दूधवाला फार सज्जन माणूस आहे.

तर, मला काही विचारायचं असलं की हे नेमकी मौनाची वेळ धरतात. अध्यायाच्या ऐन मध्यात येऊन म्हणाले, "पाच स्पीकरांचा संच आणू ना?" मी डोळे मोठे केले. "ठरलं तर," म्हणाले आणि चपला घालून गेले. याच पद्धतीने आमच्याकडे यापूर्वी व्यायामाची सायकल आणि एक मासे नसलेली काचेची पेटी आलेली आहे. दोन्हींवर मी कपडे वाळत घालते.

संच आला. पाच छोटे स्पीकर, आणि शिवाय एक लठ्ठ काळा खोका. "हा वूफर," हे म्हणाले. "ह्याच्यातून शब्द येत नाहीत. हा नुसता घुमतो." नुसतं घुमणारं घरात आधीच एक होतं, पण ह्याला निदान बटण होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी राहतात. कोणाच्याही घरी खोका आला की ते खाली येतात. त्यांना पुठ्ठ्याचा वास लागतो. पायजम्याच्या खिशात हात घालून त्यांनी आमच्या दिवाणखान्याला एक प्रदक्षिणा घातली.

"साहेब, स्पीकर असे टेबलावर मांडून भागत नाही. भिंतीला टांगायचे, कानाच्या जरा वर. तीन पुढे, दोन मागे. आणि बरोबर मध्ये एक खुर्ची. त्या खुर्चीवर जो बसेल त्याला खरा आवाज. बाकीच्यांना नुसता कालवा."

"म्हणजे ऐकणारा एकच?" मी विचारलं.

"वहिनी, परिपूर्ण आवाज एकालाच लाभतो," ते म्हणाले. एवढ्या गंभीरपणे तर माझ्या पोथीतही कोणी काही सांगत नाही.

दोघांनी दोरी धरून खोली मोजली. मागचा डावा स्पीकर माझ्या देवांच्या फळीच्या बरोबर वर आला. मी म्हटलं, हातभर बाजूला घ्या. हे म्हणाले, कोन बिघडतो. कोनाला आमच्या घरात एवढा मान आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी रोज इतक्या श्रद्धेने दिवा लावते, पण माझ्यासाठी कोणी हातभर सरकल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रिल लावलं. एक भोक पडलं, दुसरं अर्धं झालं, तोच सेक्रेटरी पुन्हा दारात. या वेळी इस्त्रीच्या पँटमध्ये. पायजम्यात असतात तेव्हा ते शेजारी असतात आणि सल्ला देतात. पँटमध्ये असतात तेव्हा ते कमिटी असतात आणि हरकत घेतात.

"साहेब, काम थांबवा. सामाईक भिंत आहे. लेखी परवानगी लागते."

"अहो, कालच तर तुम्ही म्हणालात टांगा म्हणून."

"ते मी म्हणालो. कमिटी कुठे म्हणाली?"

परवानगीचा अर्ज सेक्रेटरींच्या नावे करायचा. त्याला शेजाऱ्याची ना-हरकत जोडायची. शेजारी म्हणजे पुन्हा तेच. ते अर्ज घेऊन वर गेले, पायजमा घालून त्यांनी ना-हरकत लिहिली, आणि पँट घालून ती नामंजूर केली, कारण तिच्यात भोकाची खोली नमूद नव्हती. "कोणी लिहिली हो ही?" असं त्यांनी आम्हालाच विचारलं. ह्यांनी नोकरीत असताना लोकांना असंच फिरवलं असेल, म्हणून मला फार वाईट वाटलं नाही. मात्र आमच्या दिवाणखान्यात कितीतरी दिवस दीडच भोक होतं.

तोवर स्पीकर स्टुलांवर आणि कपाटांवर चढवून हे डिस्कच्या मागे लागले. टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि पहिली डिस्क बर्न केली. तिच्यात पाचही स्पीकरांतून एकच आवाज, एकाच वेळी. मामा बोलायला लागले की पाच मामा बोलत. मामा म्हणजे माझा मोठा भाऊ, पण मुलगी झाल्यापासून आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. एका मामांना ऐकून घेताना माणसं चष्मे पुसायला लागतात. पाच मामा ऐकून वरच्या मजल्यावरून कोणीतरी काठी आपटली. पँट घालून आपटली असणार.

दुसरी डिस्क निघाली, तिच्यात माणसांचे आवाजच नव्हते. खुर्च्या सरकत होत्या, ताटं वाजत होती, मागे उजवीकडे कोणीतरी फारच सुरेख शिंकलं, पण स्टेजवर येऊन जो जो माइक धरत होता त्याचे नुसते ओठ हलत होते. हे घामाघूम झाले. मग कळलं की सगळी माणसं ह्यांनी मधल्या स्पीकरात घातली होती आणि मधल्या स्पीकरची वायर जोडायचीच राहिली होती. ती डिस्क मला मनापासून आवडली. आमचे सगळे आप्तेष्ट आणि एक शब्द नाही. मी ती जपून ठेवायला मागितली तर हे रागावले.

मग डिस्काच संपल्या. नवीन आणल्या त्या आमच्या मशीनला चालेनात. आम्ही दोघं दुकानात गेलो.

"ह्या प्लस जातीच्या डिस्क आहेत," दुकानदार न बघताच म्हणाला. "तुमच्या मशीनला मायनस लागतात."

"मग बदलून द्या," हे म्हणाले.

"पाकीट फोडलंय. फोडलेलं परत घेत नाही."

"फोडल्याशिवाय कळणार कसं?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं ना साहेब."

"कुठे लिहिलंय?"

दुकानदाराने पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे दाखवलं. "हे काय. आतल्या बाजूला."

हे त्याच्याशी भांडले नाहीत. आपल्याच खात्यातला माणूस भेटल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले.

त्या भेटीतूनच ह्यांना पुढचा मार्ग सुचला असावा. घरी येताना म्हणाले, "आपलं चुकलं कुठे सांगू? आपण वाटप केलं नाही. पाणी असो की आवाज, विभागवार वाटप पाहिजे. एकेक माणूस एकेका स्पीकरला जोडायचा. तो बोलला की त्याच्याच स्पीकरमधून बोलणार. आत्याला लगेच कळेल."

"मग हॉलमध्ये जो जिथे होता तसाच लावा," मी म्हटलं. "आत्याबाईंना तेच तर हवंय."

"हॉलमध्ये कोण एका जागी होतं? सगळे जेवणाच्या दिशेनं सरकत होते."

"मग लावणार कशावर?"

"मानावर," हे म्हणाले.

या एका शब्दावर मी ह्यांना थांबवायला हवं होतं. पण मला वाटलं, पाच तर स्पीकर आहेत, त्यांत काय एवढा मान राहणार.

मधला स्पीकर व्याह्यांना गेला. त्यात वादच नव्हता, मुलाकडची बाजू. हे फोनवर त्यांना विचारायला गेले, तर व्याही म्हणाले, "आम्हाला काय हो, कुठेही चालेल. त्या खाली ठेवायच्या खोक्यात घातलंत तरी आम्ही काही म्हणणार नाही." हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की ह्यांनी त्यांना मधला दिलाच, वर त्यांचा आवाजही इतरांपेक्षा वाढवून दिला. पुढचा उजवा माझ्या नणंदेला. पुढचा डावा मामांना. मागचा उजवा ह्यांनी स्वतःकडे ठेवला आणि मला म्हणाले, "मी घरचा. मी मागे." हा मोठेपणा त्यांनी दिवसभर येता-जाता सांगितला. मागचा डावा रिकामा होता.

तो रिकामा आहे हे सेक्रेटरींनी पाहिलं. लग्नात त्यांनीही इमारतीच्या वतीने चार शब्द बोलून घेतले होते. "मला मागे टाकू नका एवढंच," ते सहज म्हणाले. "तसं काही नाही. भोकाच्या परवानगीचं मी आज-उद्या बघतोच आहे." ते पायजम्यात होते की पँटमध्ये, माझ्या लक्षात राहिलं नाही. बहुधा वर शर्ट एकाचा आणि खाली दुसऱ्याचं असेल. त्याच संध्याकाळी सेक्रेटरी पुढच्या डाव्यात गेले, मामा मागच्या डाव्यात गेले, आणि सकाळी परवानगी आली.

मामांना ही बातमी माझ्या नणंदेने दिली. वन्सं कोणाला दुखवायला कधी जात नाहीत, त्या नुसत्या चौकशीला जातात. अर्ध्या तासात मामांचा फोन.

"अगं, मी ऐकतोय ते खरं का?"

"काय ऐकताय मामा?"

"मला मागच्या डाव्यात घातलंय म्हणून."

"घातलं असं नाही. अजून वाटप चाललंय."

"आणि त्या वरच्याला पुढे. मी मुलीचा मामा. तो कोण?"

"त्यांची भिंत आहे."

"भिंतीला पुढे आणि मामाला मागे. चालू दे."

"तुमचा स्पीकर माझ्या देवांच्या अगदी वर आहे, मामा. घरात याहून पवित्र जागा नाही."

"देवांच्या वर म्हणतेस?"

"बरोबर वर."

"पण मागेच ना?"

"मागेच."

"मग मी रविवारी येत नाही. आत्याबाईंना माझा नमस्कार सांग. पुढून सांग."

फोन ठेवते तोच वन्संचा आला. "वहिनी, माझं बोलणं म्हणे उजवीकडून येणार. माझी डावी बाजू चांगली आहे, सगळे फोटोवाले सांगतात."

"वन्सं, आवाजाला बाजू नसते."

"तुम्हाला काय, तुम्ही बोलतच नाही."

हे मात्र खरं होतं. समारंभात मी एक शब्दही बोलले नव्हते, त्यामुळे मला स्पीकर नव्हता आणि त्यामुळे सगळे मलाच फोन करत होते.

शेवटी तडजोड निघाली. मामा पूर्वार्धात पुढे, उत्तरार्धात मागे. सेक्रेटरी उलट. मामांनी विचारलं, पूर्वार्ध म्हणजे जेवणाआधीचा की नंतरचा. मग त्यांच्या भाषणाची मिनिटं मोजून दोन भाग केले, आणि मधला सांधा एका वाक्याच्या पोटात आला. त्याला इलाज नव्हता. मामांच्या भाषणात वाक्य एकच होतं.

या सगळ्या काळात हे कॉम्प्युटरपुढे बसून असत, आणि कानाला काही लावत नसत. आवाज म्हणे पडद्यावर दिसतो, हिरव्या डोंगरांसारखा. उंच डोंगर चांगला, बुटका डोंगर टाकाऊ. हे उंच डोंगर उचलून इकडून तिकडे ठेवत आणि समाधानाने मान हलवत. नजर नसलेल्या बाईसाठी चाललेलं हे ऐकण्याचं काम ह्यांनी डोळ्यांनी केलं. "आत्याबाईंना हे समजेल ना?" असं मी दोन-तीनदा विचारलं. "तू आवाजाचा दर्जा बघ," ते म्हणत. मला तो बघता येत नव्हता.

रविवारी मी आत्याबाईंना आणायला गेले. त्या ठेवणीतली साडी नेसून, काठी घेऊन, केव्हाच्या दाराशी बसल्या होत्या. लग्नालाच निघाल्यासारख्या. टॅक्सीत माझा हात धरून म्हणाल्या, "पोरगी काय बोलली आहे गं त्यात?"

"ऐकालच आता," मी म्हटलं. मलाही माहीत नव्हतं. ही शेवटची डिस्क ह्यांनी मला ऐकू दिली नव्हती.

घरी पोहोचलो तर सगळे आधीच हजर. स्वतःला ऐकायला माणूस कधी उशीर करत नाही. मामाही आले होते, मात्र चप्पल दाराच्या अगदी तोंडाशी काढून, केव्हाही निघता यावं अशी. बरोबर मध्ये ती एक खुर्ची होती. वन्सं म्हणाल्या, "जरा बसून बघते, मऊ आहे का." व्याही म्हणाले, "नको नको, मी उभा राहीन," आणि बसले. सेक्रेटरींनी त्यांना कोन समजावून सांगण्याच्या मिषाने उठवलं. मी आत्याबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं, तेव्हा त्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाला भरल्या ताटावरून उठवलंय.

ह्यांनी छोटं प्रास्ताविक केलं. प्रास्ताविक मोठं होतं, छोटं म्हणाले तेवढंच. मग डिस्क लावली.

मधून व्याही बोलू लागले. आवाज इतका वाढवलेला की आत्याबाई खुर्चीत मागे सरकल्या. मग उजवीकडून वन्सं. मग मागून सेक्रेटरी. प्रत्येक जण आपला आवाज आला की मान खाली घालून नम्र होई आणि दुसऱ्याचा आला की पंख्याकडे बघे. मग पुढून डावीकडून मामांनी सुरुवात केली. ते आशीर्वाद देता देता संसार म्हणजे काय याच्यावर आले, आणि 'संसारात माणसाने नेहमी' एवढं पुढे म्हणून उरलेलं वाक्य त्यांनी देवांच्या वरून पुरं केलं.

आत्याबाईंनी दचकून मान वळवली. "हा कोण मधूनच माझ्या मागे पळाला?"

"मामा आहेत," मी म्हटलं.

"का? कोणी मारायला उठलं का त्याला?"

मामांनी आपल्या चपलांकडे पाहिलं.

डिस्क संपली. वूफरने शेवटची एक ढेकर दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्याने त्याने स्वतःसाठी. हे आत्याबाईंच्या पुढे येऊन उभे राहिले. "कसं वाटलं आत्या? दिशा कळल्या ना?"

"कळल्या," त्या म्हणाल्या. "माणसं पुष्कळ आहेत. सगळी बोलली. पोरगी कुठे आहे?"

हे एकेका स्पीकरकडे बघू लागले, जणू तिला कुठल्या तरी एकात ठेवून विसरले होते.

"ती... ती स्टेजवर होती ना, आत्या."

"कुठल्या बाजूला?"

"मध्ये."

"मध्ये तर हे व्याही होते."

व्याह्यांनी मी काय करू अशी मुद्रा केली.

"त्याचं असं आहे," हे म्हणाले. "तिच्या गळ्यापाशी एक बारका माइक लावला होता. तिचा वेगळा ट्रॅक आला होता टेपवर. पण त्याच्यात डोंगरच नव्हते. नुसती पुटपुट. ह्या सगळ्यांच्या भाषणांवर सतत आपली पुटपुट चालूच. म्हणून मी तो ट्रॅक घेतलाच नाही. आणि घेतला असता तरी," इथे त्यांचा आवाज बारीक झाला, "स्पीकर शिल्लक नव्हता."

"बरोबर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पुटपुटीनं दर्जा जातो."

"तिला काय, तिचं लग्नच होतं," वन्सं म्हणाल्या.

आत्याबाईंनी खुर्चीच्या कडेने चाचपून काठी शोधली. "चल गं," मला म्हणाल्या, "मला घरी सोड."

त्या सकाळी मी व्रताला मामांना धरलं होतं, त्यामुळे ह्यांच्या बाबतीत मी मोकळी होते. आतल्या खोलीत गेले, कपाटातून कॅमेरा काढला, टेप त्यातच होती, ती मागे फिरवली. बाहेर येऊन आत्याबाईंच्या मांडीवर कॅमेरा ठेवला आणि आवाज मोठा केला. त्याच्या कुशीत शर्टाच्या बटणाएवढा एक स्पीकर असतो.

"अगं, तो काय लावतेस," हे म्हणाले. "त्याला काही दर्जा आहे का?"

"गप्प बसा," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. पण माझ्या तोंडून हे दोन शब्द त्या घरात कोणी ऐकलेले नव्हते, त्यामुळे ज्यांना म्हटलं नव्हतं तेही गप्प बसले.

आधी खरखर आली, मग हॉलचा गलका, आणि त्याच्या अगदी जवळून, कानाशी तोंड आणल्यासारखी आमची मुलगी.

"आत्याआजी, मी बोलतेय. ओठ न हलवता बोलतेय, नाहीतर फोटोवाला ओरडतो. ऐक. मी मधल्या खुर्चीत. उजव्या हाताला नवरा, घामानं भिजलाय, पण बरा आहे. समोर बाबा कॅमेरा घेऊन उभे आहेत. झाकण काढलेलं नाही. कोणीतरी सांगा त्यांना. आता काढलं. डावीकडे खांबापाशी आई. गप्प उभी आहे, म्हणजे मनात कोणाची तरी धुलाई चालली आहे."

आत्याबाईंचे हात कॅमेऱ्यावर घट्ट झाले. त्यांनी मान किंचित उजवीकडे केली, मग समोर, मग डावीकडे. जिथे ती सांगेल तिथे.

"पहिल्या रांगेत आत्या बसलीय. फोटोवाला जिकडे वळतो तिकडे ती वळते, बिचाऱ्याला पाठ दाखवायला जागा नाही. सासरे उठले. मला काही बोलायचं नाही म्हणतायत. आजी, पाय दुमडून नीट बस, ह्याला वेळ लागणार. आमचे सेक्रेटरी पुन्हा ताट घेऊन चाललेत आणि वाटेत भेटेल त्याला सांगतायत की त्यांना गोड वर्ज्य आहे. ताटात गोडच आहे."

कोणी कोणाकडे बघेना. व्याही खिशात रुमाल शोधू लागले. वन्संनी फोटोत बसतात तशी मान उचलली आणि मग लक्षात येऊन ती खाली घेतली. आत्याबाईंचे खांदे हलायला लागले होते, आधी आवाज न करता, मग त्या उघडच हसू लागल्या. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कॅमेरा सोडायचा नव्हता.

"तुझी जागा सांगायची राहिली," मुलगी म्हणाली. "माझ्या डाव्या हाताला एक खुर्ची आहे. रिकामी आहे. आत्या दोनदा येऊन बसली, मी दोनदा उठवली. तू तिथे आहेस. दार तुझ्या पाठीमागे आहे, वारा येतोय, पदर घे." मग जरा थांबून, "आजी, माइक मामांच्या हातात गेला."

मामा उठून उभे राहिले. "मी निघतो," म्हणाले. "मला एके ठिकाणी जायचंय."

आत्याबाईंनी न बघता काठी आडवी धरली. "बस खाली. तू स्टेजवरून उतरलास असं पोरगी सांगेल, मग जा."

मामा बसले. हे भिंतीपाशी, पहिल्या भोकाजवळ, हात बांधून उभे होते. त्यांनी वूफरचं बटण बंद केलं. मी आत्याबाईंच्या पदराने त्यांचे डोळे पुसले. कॅमेऱ्यातून मामांचं भाषण लांबून, पत्र्यावर खडे पडावेत तसं येत होतं, आणि त्याच्यावर, अगदी जवळून, मुलीचा श्वास.

"आत्याआजी," ती म्हणाली, "अजून बोलतायत."

आम्ही सगळे थांबलो. बऱ्याच वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अजून."